रात्र मोजणारं भात

“पोटरी धरली का?” वन्सनी डोळे न उघडताच विचारलं.

डहाणूच्या दवाखान्यातली दुपार होती. शहाळ्याचं पाणी चमच्याने भरवायचा माझा प्रयत्न नुकताच फसला होता. शेजारच्या खाटेजवळ बसलेल्या बाईंना वाटलं, पेशंटच्या पायात गोळा आलाय. त्या बिचाऱ्या पाय चेपायला उठल्या. त्याही परिस्थितीत मला हसू आवरेना. लोंबी बाहेर पडण्याआधी भाताचं धाट वरच्या अंगाला फुगतं, त्याला पोटरी म्हणतात, हे त्यांना समजावण्यात पाच मिनिटं गेली. मग मी वन्सना म्हटलं, “धरली असेल.”

“असेल नको, शैला. विचार.”

मी तिथूनच वेवजीला लाडकीबाईंना फोन लावला. वेवजी म्हणजे तलासरी तालुक्याचं टोक, पलीकडे गुजरात. तिथे फोन लागला तर लागला. त्या दिवशी लागला. मी तो वन्सच्या कानाशी धरला, पण त्याची गरज नव्हती, कारण लाडकीबाई बांधावर उभ्या राहून ओरडत होत्या आणि अख्खा वॉर्ड ऐकत होता. “धरली गं बाय! समद्या खाचरांत धरली!”

वन्सनी डोळे उघडले. “मग झालं,” त्या म्हणाल्या. “आता ते कुणासाठी थांबत नाही.” आणि शहाळं मागून घेतलं... सगळं संपवलं. तिसऱ्या दिवशी सकाळी त्या गेल्या.

या गोष्टीला आता काही आठवडे झाले. भेटायला येणारी माणसं माझा हात हातात घेऊन म्हणतात, “बिचाऱ्या! एकट्याच राहिल्या शेवटपर्यंत.” मी चहा पुढे करते, पण आतून माझा तिळपापड होतो. माझी नणंद बिचारी नव्हती. ती एकटी तर मुळीच नव्हती. जे करायचं मनात धरलं होतं ते करून, त्याची पोचपावती स्वतःच्या कानांनी ऐकून ती गेली आहे. असं किती जणांना जमतं? हे एकदा नीट सांगावं म्हणून लिहायला बसले आहे.

डॉ. निर्मला ही माझ्या यजमानांची थोरली बहीण. कृषी विद्यापीठात भाताची पैदासकार, म्हणजे नव्या वाणांची जुळणी करणारी. मी तेव्हा वाणगावच्या शाळेत मराठी शिकवायचे आणि लग्न होऊन चिंचणीच्या अलीकडच्या या चिकूच्या वाडीत नवीनच आले होते. वन्स सुट्टीला घरी यायच्या त्या हातात पिशव्या घेऊन, आणि पिशव्यांत मिठाई नसायची, भाताच्या पुड्या असायच्या. पहिल्याच दसऱ्याला सगळं घर आंब्याच्या तोरणाला लागलेलं, आणि या बाई मागच्या खाचरात वाकून बसलेल्या. भाताचं फूल सकाळी दहाच्या सुमाराला उघडतं आणि बघता बघता मिटतं. तेवढ्यात एका जातीचे पराग दुसऱ्या जातीच्या फुलावर झटकायचे असतात. त्याआधी त्या दुसऱ्या फुलातले त्याचे स्वतःचे पराग चिमट्याने काढून टाकलेले असले पाहिजेत. वन्सचा चिमटा विद्यापीठातच राहिला होता. “नवी नवरी, तुझ्याकडे भुवया कोरायचा असेल ना?” त्यांनी मला विचारलं. माझा चिमटा गेला तो गेलाच. पुढे मलाही त्यांनी शेजारी बसवलं आणि लोंब्यांवर कागदी टोपडी चढवायच्या कामाला लावलं. पूजेला आम्ही दोघी चिखलाच्या पायांनी उभ्या राहिलो आणि सासूबाई दोघींवर सारख्याच रागावल्या. तिथून आमचं जमलं.

वन्सनी जन्मभर कशाचा पाठपुरावा केला, ते मी त्यांच्याकडून स्वयंपाकघरात, भाजी निवडता निवडता शिकले. हळवं भात पेरल्यापासूनचे दिवस मोजतं. ठरलेले दिवस भरले की ते निसवतं, लोंबी बाहेर काढतं, मग बाहेर पाऊस असो नाहीतर ऊन. गरवं भात तसं नाही. ते रात्रीकडे लक्ष ठेवून असतं. श्रावण सरतो तशा रात्री लांबायला लागतात, आणि रात्र पुरेशी मोठी झाली की पानांतून शेंड्याकडे निरोप जातो, की आता पानं पुरे, लोंबीच्या तयारीला लागा. म्हणून गरवं भात जूनमध्ये पेरा नाहीतर जुलैत, ते आपल्या ठरलेल्या सुमारालाच निसवतं. “दिवस मोठे असेपर्यंत काही जनुकं त्या निरोपावर ब्रेक दाबून बसलेली असतात,” वन्स म्हणायच्या. “हळव्यात ब्रेक मोडलाय. गरव्यात तो फार कडक आहे. मला ढिला ब्रेक हवाय.”

मी आपली गृहिणीच्या हिशेबाने विचारायची, “म्हणजे घटस्थापनेच्या आसपास निसवेल असं भात ना?”

“घटस्थापना कधी सप्टेंबरात, कधी ऑक्टोबरात. भात अधिक महिना पाळत नाही, शैला. पावसाची नक्षत्रं धर, ती सूर्यावर चालतात. उत्तरा सरता सरता, सप्टेंबरच्या शेवटाला, निसवलं पाहिजे.”

हा ढिल्या ब्रेकचा हट्ट कुठून आला, त्याचं उत्तर वेवजीला आहे. जुन्या गरव्या जाती गोळा करत वन्स पूर्वेच्या डोंगराळ गावांतून हिंडायच्या. एका दिवाळीच्या आधी त्या हट्टाने मलाही घेऊन गेल्या. हस्ताचा पाऊस नुकताच कोसळून गेला होता. लाडकीबाई आपल्या खाचरात उभ्या होत्या आणि त्यांच्या पायाशी अख्खं पीक आडवं पडलेलं होतं. हळवं भात, पिकून तयार झालेलं, नेमकं पावसात सापडलं. आडव्या लोंब्यांवरच दाण्यांना हिरवे कोंब फुटले होते. “गरवं का नाही लावत?” मी मूर्खासारखं विचारलं. लाडकीबाईंनी वरच्या माळाकडे हात केला. गरवं भात दाण्यात येईपर्यंत तिथली जमीन वाळून भेगाळते, लोंबी पोकळ राहते. इकडून पाऊस मारतो, तिकडून कोरड. मग त्या वन्सकडे वळल्या. आमच्या पूर्वेच्या गावांत मोठ्या माणसालाही तूच म्हणतात. “बाय, पानी कवा येल ते कोनाच्या हातात नाय. पन भात कवा निसवल ते तुझ्या हातात हाय का?”

वन्सनी खाली बसून कोंब फुटलेली एक लोंबी उचलून तळहातावर घेतली. “आज नाही,” त्या म्हणाल्या, “पण होईल. मी देते तुला.” परतीच्या एसटीत मी त्यांना झापलं, की असा शब्द कशाला द्यायचा? संशोधनात काय, होतं तर होतं. त्यांनी खिडकीबाहेर बघत उत्तर दिलं, “दिला नसता तर केलं नसतं.”

आणि मग कामाची वाट अर्धी चालून झाल्यावर विद्यापीठातला तो प्रकल्पच बंद झाला. लवकर येणाऱ्या जातींचे दिवस होते. रात्र मोजणाऱ्या भातात कुणाला रस नव्हता. वन्स कुणावर रागावल्या नाहीत. निवृत्त झाल्या, आणि अर्धवट राहिलेल्या पिढ्यांच्या पुड्या ट्रंकेत भरून थेट वाडीवर आल्या. मागचं खाचर त्यांनी ताब्यात घेतलं, त्यांच्या भावाने निमूट दिलं. गरव्या आणि हळव्याच्या संकराची नातवंडं त्या ओळीने लावायच्या. काही आजीवर जायची, काही आजोबांवर, आणि मधल्या वेळेला निसवणारं एखादंच निघायचं. त्याला रंगीत दोरा बांधायचा, त्याचंच बी पुढच्या वर्षी. अशी वर्षं गेली... दोऱ्यांची संख्या कमी होत होत एका ओळीवर आली.

आता जे सांगणार आहे ते वन्स स्वतः रंगवून सांगायच्या, म्हणून लिहायला संकोच नाही. त्या वर्षी सबंध खाचर त्या एकाच ओळीचं लावलं होतं. ते खरं उतरलं की बी वेवजीला जायचं होतं. उत्तरा सरत आली, सरली. भात हिरवंगार, उंच, आणि लोंबीचा पत्ता नाही. वन्स रोज सकाळी जाऊन धाटं चाचपून परत यायच्या. त्यांचं जेवण सुटलं. हस्त निम्मा झाला तेव्हा एका सकाळी त्यांनी भावाला सांगितलं, “कापून टाक. म्हशींना घाल.” मी त्यांना इतकं हरलेलं कधीच पाहिलं नव्हतं. लाडकीबाईंना काय सांगायचं, एवढंच त्या पुन्हा पुन्हा म्हणत होत्या.

विळा घेऊन हे आत शिरले आणि तिथूनच हाक मारली, “अगं ताई, इथे निसवलंय!” पाण्याच्या टाकीपलीकडे एक पट्टा होता. टाकीएवढ्या रुंदीचा सुरू होऊन पुढे पसरत गेलेला. त्यात सगळ्या लोंब्या बाहेर, दाणेसुद्धा भरू लागलेले. त्या पट्ट्याबाहेर सगळं हिरवं. वन्स बांधावर उभ्या राहून बघत राहिल्या. मी म्हटलं, टाकीची सावली पडत असेल. “उन्हाची सावली अशी रुंदावत कशी जाईल?” त्या पुटपुटल्या, आणि पट्ट्याच्या रेषेवरून मागे मागे बघत गेल्या. टाकी, टाकीच्या अलीकडे आमचं खळं, आणि खळ्यातल्या बांबूवर हॅलोजन.

आमच्याकडे गुजरात शेजारी असल्यामुळे गरबा आमचाही तितकाच. त्या वर्षी नवरात्र लवकर होतं. गोकुळाष्टमी झाल्यापासूनच गल्लीतल्या मंडळाने ताडपत्री बांधून रोज संध्याकाळी आमच्या खळ्यात सराव धरला होता. जागा कुणी दिली? वन्सनी. वीज कुणी दिली? वन्सनी. दिवा आणखी थोडा उंच बांधा, मुलींना पायाखालचं दिसत नाही, असं कुणी सांगितलं? तेही वन्सनीच, त्या स्वतः टिपऱ्या घेऊन उतरायच्या ना! जिचा जन्म रात्रीची लांबी मोजण्यात गेला, तिने आपल्याच भाताची रात्र आपल्या हाताने कापली होती. अंधार पडूनही भाताला वाटत होतं की अजून दिवसच चाललाय. फक्त टाकीच्या आडोशाला खरी रात्र होती, तेवढंच निसवलं.

वन्स मटकन बांधावर बसल्या. आणि हसायला लागल्या. इतक्या हसल्या, की डोळ्यांतून पाणी. “काय सुंदर मूर्ख आहे गं मी! शैला, बघ ना, याहून चांगला पुरावा मी ठरवून तरी मांडू शकले असते का? अंधार मिळाला तिथे बरोबर वेळेवर!” त्या संध्याकाळी त्यांनी गरब्याच्या माईकवरून, निम्मं गुजरातीत निम्मं मराठीत, सगळी हकिकत जाहीर केली. मंडळाची पोरं ओशाळून दिवा काढायला निघाली, तर त्यांनाच दटावलं, की आता काय उपयोग, चालू राखो! आणि टिपऱ्या घेऊन रिंगणात शिरल्या. पुढच्या वर्षापासून सराव देवळापुढे गेला. टाकीमागच्या त्या पट्ट्याचं बी वेवजीला गेलं.

लाडकीबाईंनी आधी एक कोपरा दिला, मग एक खाचर, आणि गेल्या वर्षी सगळं रान. नेमकं गेल्या वर्षी पावसाने अंत पाहिला. ओढ्याकाठच्या खाचरांत आवणी, म्हणजे रोपांची लावणी, वेळेवर झाली, पण वरच्या माळाला पाणीच साचेना. तिथली रोपं जवळजवळ महिनाभर उशिरा लागली. गावातले लोक येता-जाता माना हलवत होते. लाडकीबाईंचा मुलगा तर उघडच बोलला, की वरचं काही हाताला लागत नाही. मलाही तसंच वाटत होतं. वन्स मात्र खूश! “अशी परीक्षा मागून मिळत नाही,” असं म्हणत दर आठवड्याला तलासरीच्या एसटीत बसायच्या. तब्येत तेव्हाच खालावली होती. मी पिशवीत औषधं घेऊन मागे मागे.

उत्तरा सरत आली तेव्हा आम्ही दोघी ओढ्याकाठी उभ्या होतो. तिथे लोंब्या फुटायला लागल्या होत्या. वन्सना चढ चढवेना. “तू जाऊन बघ,” त्या मला म्हणाल्या. मी आणि लाडकीबाई वर गेलो. भात खालच्यापेक्षा बुटकं होतं, फुटवेही थोडे कमी... आणि प्रत्येक धाटाच्या टोकाशी कोवळी लोंबी मान बाहेर काढत होती. महिनाभर उशिरा लागलेलं भात, खालच्याबरोबर, त्याच आठवड्यात! लाडकीबाई तिथूनच खाली बघून ओरडल्या, “बाय, हे बी निसवलं गं! दोनी संगतीच निसवली!” खाली वन्सनी दोन्ही हात वर केले. माझी म्हातारी नणंद बांधावर एकटीच गरब्याचा फेर धरून गोल फिरली, हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं आहे.

मग हस्त बरसला, शेजारच्या रानातलं हळवं पीक लोळवून गेला. लाडकीबाईंचं भात तोवर दुधात होतं, दाणा अजून भरायचा होता, म्हणून ताठ उभं राहिलं. पाऊस गेला, ऊन पडलं, दाणा भरला, आणि जमिनीतली ओल पुरली. कोरड्या उन्हात कापणी झाली. झोडणीच्या दिवशी खळ्यावर निम्मं गाव जमलं होतं. कुणी टोपली आणली, कुणी पदर पुढे केला. वन्स प्रत्येकाला बी देत होत्या आणि प्रत्येकाला बजावत होत्या, की पावसाची चिंता करा, याच्या वेळेची करू नका. संध्याकाळी खळं झाडून काढण्याएवढं रिकामं झालं.

तेच बी यंदा वेवजीच्या घराघरांतल्या रानात होतं, आणि त्याचीच पोटरी वन्सनी दवाखान्यातून विचारली होती. तेरावा झाला त्याच आठवड्यात लाडकीबाईंचा फोन आला. एकच शब्द बोलल्या, “निसवलं.” आम्ही दोघं गाडी काढून गेलो. उतारावर, ओढ्याकाठी, माळाला, आधी लावलेलं, मागून लावलेलं, या घरचं, त्या घरचं, सगळं एकाच वेळी फुलोऱ्यात होतं. मी बांधावर उभी राहून मनसोक्त रडले. ते रडणं दुःखाचं नव्हतं, हे स्पष्ट लिहिते. मला इतका अभिमान वाटत होता की तो मावेना.

दिवाळी झाल्यावर लाडकीबाई आमच्याकडे आल्या. वाणगावला उतरून, रिक्षा करून, काखेत जड पिशवी घेऊन. मी पिशवी हातातून घेतली आणि पाय आपोआप वन्सच्या खोलीकडे वळले. बियाणं तिथेच जातं, पत्र्याच्या डब्यांत. या घरामागे इतकी वर्षं भात पिकलं, पण त्यातला एक दाणा कधी आमच्या चुलीवर चढला नाही. सगळं बी! आम्ही खायचो तो तांदूळ वाणगावच्या दुकानातला. एकदा ह्यांनी उरलंसुरलं भात गिरणीला नेलं, तर वन्स स्कूटरवरून पाठलाग करत गेल्या आणि गिरणीच्या दारातून पोतं परत घेऊन आल्या. मी खोलीचं दार ढकललं तोच मागून आवाज आला.

“कुठं नेतीस, वयनी? ती बी नाय. बी समद्यांच्या घरात हाय आता. ही खायाची.”

मी पिशवी उघडली. आत हातसडीचा, लालसर नवा तांदूळ होता.

नव्या तांदळाला पाणी कमी लागतं हे आनंदात विसरले आणि भात गचका झाला. लाडकीबाईंनी ते मला सांगितलंच. बोंबलाचं कालवण होतं. त्यांच्या घरची रीत अशी, की नवं खाण्याआधी पहिला वाटा गेलेल्या माणसांचा. त्यांनी पानावर मूठभर भात घेतला आणि वन्सच्या खोलीत, खिडकीजवळच्या त्यांच्या टेबलावर, भिंग आणि पुड्या सरकवून ठेवला. “खा गं बाय,” एवढंच म्हणाल्या. मग आम्ही जेवायला बसलो. ह्यांनी पहिला घास घेतला आणि कितीतरी वेळ मान खाली घालून तो चावत राहिले. नंतर ताट पुढे केलं, “आणखी वाढ.” मीही दुसऱ्यांदा घेतला, लाडकीबाईंनी तिसऱ्यांदा. शेवटी पातेलं खरवडून काढलं. वन्सच्या भाताचा असा फडशा या घरात पहिल्यांदाच पडला.